अक्षर न झाकता

"सापडलं," ती म्हणाली.

"हे पण?" बाइंडरकाकांनी संगणकाच्या पडद्याकडे न बघताच विचारलं.

"पूर्ण आहे. पहिल्या पानापासून मागच्या सूचीपर्यंत."

आजाऱ्यांसाठीच्या इंग्रजी प्रार्थनांचं ते जाड पुस्तक काकांनी उचललं, सवयीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि रद्दीच्या खोक्यात ठेवलं. त्या पाठीचं कातडं त्यांनीच दोनदा बदललं होतं.

धर्मशिक्षणाच्या त्या महाविद्यालयात जुन्या इंग्रजी आणि ख्रिस्ती पुस्तकांची एक वेगळी खोली होती. खोलीच्या टोकाला खिडकीखाली काकांचं टेबल होतं. त्यावर खळीचा डबा, दाभण, मेणाचा दोरा आणि लाकडी प्रेस. विशीत असताना काका त्या टेबलाशी बसले, ते अजून उठले नव्हते. नव्या प्राचार्यांना ही खोली संगणकांसाठी हवी होती. त्यांचा नियम सरळ होता. जे पुस्तक इंटरनेटवर पूर्ण, वाचता येईल असं मिळतं, ते रद्दीत जाईल. मिळत नाही ते राहील. "एक जरी पुस्तक राहिलं ना," काकांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "तरी खोली तुमची. माझा शब्द." शोधाशोध करायला त्यांनी नुकतीच पदवीधर झालेली एक मुलगी तात्पुरती नेमली. काका तिला 'बीएस्सी' म्हणूनच हाक मारत.

सुरुवातीला काका निर्धास्त होते. ज्या पुस्तकांवर इथं धूळ बसायलाही कंटाळते, ती जगात दुसरं कोण सांभाळून ठेवणार? पण बीएस्सी नाव टाकायची आणि पुस्तक वर यायचं. कुठल्याशा खेड्यातल्या पाद्र्याची प्रवचनं आली. कोणा विधवेची भक्तिपर कविता आली. ज्याची एकमेकांना जोडलेली पानं कोणी कापूनसुद्धा पाहिली नव्हती, तो एका बिशपचा चार खंडी पत्रव्यवहारही आला.

"ही काय विहीर आहे का गं?" काका एकदा वैतागून म्हणाले.

"विहिरीला तळ असतो काका," ती म्हणाली.

कपाटं रिकामी होत गेली तसा खोलीतला आवाज बदलला. पूर्वी खोकलं तर पुस्तकं तो आवाज पिऊन टाकत. आता तो भिंतीवर आपटून परत येई.

आज शेवटचा कप्पा होता. दुपारी काकांच्या बायकोचा फोन आला.

"अहो, राहिलं का एखादं?"

"एकच बघायचं उरलंय."

"देवानं मनात आणलं तर एकही पुरे."

"सगळी त्याच्यावरचीच पुस्तकं होती," काका म्हणाले. "त्यालाच नकोयत, तर आपण काय करणार? ठेव, जेवून घे तू."

उरलेलं पुस्तक तळहाताएवढं होतं. कोणा पाद्र्यानं जहाजावर खलाशांना दिलेली प्रवचनं. पहिलं पान कधीच गळून पडलं होतं, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही, साल नाही. बीएस्सीनं विषय टाकून पाहिला, शब्द फिरवून पाहिले. बरीच पुस्तकं आली, पण हे नव्हतं.

"नाही सापडत," ती म्हणाली. तिच्याही आवाजात सुटका होती.

काकांनी हातातली सुई टेबलावर ठेवली. "नक्की?"

ती उत्तर देण्याआधी थांबली, आणि ते थांबणं काकांनी ऐकलं.

"अजून एक रीत आहे," ती म्हणाली. "आतलं एखादं वाक्य जसंच्या तसं टाकून बघायचं. पण ते काही नियमात नाही काका. राहू दे."

काकांनी ते छोटं पुस्तक पुन्हा तिच्यापुढे सरकवलं. "बघ," ते म्हणाले. "नाहीतर रोज याच्याकडे बघून मला वाटणार, आहे की नाही, आहे की नाही. त्यापेक्षा बघच."

तिनं मधलंच पान उघडलं. दोर आधी आतून झिजतो आणि बाहेरून शेवटच्या दिवसापर्यंत नवा दिसतो, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. तिनं ते इंग्रजीतून टाकलं.

एकच उत्तर आलं.

पडद्यावर पिवळट पानं उघडली. प्रत्येक पानाच्या कडेला कोणाचा तरी अंगठा होता, पान दाबून धरणारा. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं.

काका खुर्चीतून उठून जवळ आले. कागद कापायच्या यंत्रात सापडून चिरलेलं त्यांचं नख अजूनही तसंच वाढत होतं.

"हा मी आहे," ते म्हणाले. "बाही बघ. आमच्या हिला पांढरं बटण मिळालं नाही म्हणून निळं लावलं होतं."

बरीच वर्षं झाली होती. इथल्या पुस्तकांचे फोटो काढायला दोन माणसं मोठा कॅमेरा घेऊन आली होती. पुस्तकं कडक झालेली, सपाट राहीनात, म्हणून काका उन्हाळाभर पानं धरून उभे राहिले. आपली पुस्तकं आता जगभर जाणार, असं त्यांनी तेव्हा घरी जाऊन कौतुकानं सांगितलं होतं. ती कुठं गेली, ते त्यांना आज कळलं.

"काका, थांबा," बीएस्सी एकदम म्हणाली. "पूर्ण आणि वाचता येईल असं, हा नियम आहे. अंगठ्याखाली एखादी ओळ जरी गेली असली, तरी ही प्रत धरता येणार नाही!"

दोघं पडद्यासमोर बसले. ती एकेक पान पुढे सरकवत होती. काका चष्मा कपाळावर ढकलून पडद्याला नाक लावून बघत होते. अंगठा कधी वर होता, कधी खाली. एका पानावर तर थेट ओळीच्या टोकाशी आला होता. तिनं ते मोठं करून पाहिलं. शेवटचा पूर्णविरामसुद्धा दिसत होता.

"ते कॅमेरावाले म्हणाले होते," काका पुटपुटले, "अक्षरावर बोट येऊ देऊ नका."

शेवटचं पान आलं. तेही स्वच्छ होतं. गळालेलं पहिलं पान तिकडेही नव्हतं, पण ते या प्रतीतही नव्हतंच.

बीएस्सीनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "मी लिहिते, मजकूर झाकलाय म्हणून. इतकी पानं उघडून कोण बघणार आहे?"

"काय लिहिणार? पान धरणाऱ्यानं नीट धरलं नाही, असं?"

"तसं नाही काका..."

"तसंच होतं ते." काका पडद्यावरच्या अंगठ्याकडे पाहत होते. "एक अक्षर झाकलेलं नाही. सापडलं, असं लिही."

तिनं लिहिलं. लिहून झाल्यावर ती उगाचच टेबल आवरू लागली.

संध्याकाळी रद्दीवाला आला. त्यानं आधीची खोकी भराभर जिन्यात नेऊन ठेवली. शेवटच्या खोक्यात काकांनी ते छोटं पुस्तक दोन मोठ्या पुस्तकांच्या मध्ये आडवं ठेवलं, कोपरे दुमडणार नाहीत असं, आणि उरलेल्या फटीत कागदाचा बोळा सारला.

"अहो, लगद्यालाच जायचंय हे," रद्दीवाला हसून म्हणाला.

"हो," काका म्हणाले.

आणि त्यानं खोकं उचललं तेव्हा त्यांनी खालून हात दिला.