बिशपचा गुडघा

शशिधरने मांडीचं हाड उचललं, तर खालची नडगीही त्याच्याबरोबर वर आली. त्याने ते पुन्हा टेबलावर ठेवून पाहिलं. सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचे सांधे असे धरून राहत नाहीत. हा गुडघा जिवंतपणीच आखडून सरळ एकजीव झाला होता.

कॅथीड्रलची फरशी दुरुस्त करताना हे थडगं उघडं पडलं. हाडं बघायला हॉस्पिटलच्या बड्या सर्जनला वेळ नव्हता, म्हणून त्याने हाताखालच्या शशिधरला पिटाळलं. वीस वर्षं हेच चाललं होतं, आणि आता त्याचा रागही येईनासा झाला होता.

"आमचे बदनाम बिशप राल्फ," म्हातारे पाद्री थर्स्टन म्हणाले. "राजासमोर सगळ्यांनी गुडघे टेकले, हे एकटे ताठ उभे राहिले. शेवटची अकरा वर्षं प्रार्थनेतही गुडघा टेकला नाही. मठाच्या बखरीत लिहून ठेवलंय, हा गर्विष्ठ माणूस देवालाही नमला नाही."

"नमणार कसा? गुडघा वाकतच नव्हता."

थर्स्टन मटकन खुर्चीत बसले.

"मग एका वाक्यात सांगून का नाही टाकलं त्यांनी?"

"सांगितलं असतं, तर मदतीला म्हणून दुसरा बिशप नेमला असता," शशिधर म्हणाला. "मग हळूहळू यांना कुणी विचारलंच नसतं."

हे तो जरा जोरातच बोलला. मग त्याने हातमोजे काढले आणि टेबलाला धरून उठला.

रीडिंग गावातल्या घरी परतताना त्याला श्रीकांतदादाच आठवत होता. वडील लवकर गेले, तेव्हापासून दादाच वडील. सदुसष्टाव्या वर्षी तो पहिल्यांदा सांगलीहून इथे इंग्लंडला आला, आणि शशिधरने विमानतळावर त्याच्या पाया पडायचं सोडून चक्क हात पुढे केला. थोरल्या भावाशी शेकहँड! कंबरेचे मणके झिजलेत, खाली वाकलं की उठवत नाही, हे सांगायची सोय नव्हती. हाडांच्या डॉक्टरची कंबर गेलीय हे कळलं असतं, तर त्याला ऑपरेशन थिएटर बंद झालं असतं. बायकोला, उल्कालाही त्याने कुठे बोलू नकोस म्हणून बजावलं होतं. दादा महिनाभर राहणार होता. आठव्याच दिवशी त्याने सोमवारच्या विमानाची चौकशी केली. एजंट आज चार वाजता फोन करून तिकीट पक्कं करणार होता.

उल्का बाजारात गेली होती. दादा सोफ्यावर पेपर वाचत होता. शशिधर कोट न काढताच त्याच्यासमोर आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने दादाच्या पायांवर डोकं टेकवलं.

"औक्षवंत हो," दादा कोरडेपणाने म्हणाला. पेपर बाजूला झाला नाही.

शशिधर तसाच राहिला.

"ऊठ आता. एवढं नाटक कशाला?"

शशिधरचा हात सोफ्याची कड चाचपत होता. दादाने पेपर खाली केला. धाकट्या भावाच्या कपाळावर घाम डवरला होता.

"कधीपासून आहे हे?"

"दोन वर्षं झाली."

"आणि मी आठ दिवस तुला..."

"कुणाला सांगू नकोस, दादा. थिएटरमधून बाहेर काढतील मला."

"सांगलीत कुणाला सांगतोय रे मी, गाढवा?"

दादाने त्याच्या काखेत हात घालून दोनदा जोर लावून पाहिला. दोघंही जागचे हलले नाहीत. मग सोफ्याला धरून, कण्हत कुंथत तो स्वतःच गालिच्यावर उतरला आणि शशिधरच्या शेजारी पाय पसरून बसला.

"उल्का येईपर्यंत इथंच बसू."

"तुला उठता येईल ना?"

"मला नाही वाटत."

पलीकडच्या खोलीत फोन वाजायला लागला.

"एजंट असेल," शशिधर म्हणाला.

"असू दे की," दादा म्हणाला. "आता उठणार कोण?"