मागेच जाणाऱ्या मोटारीचा गिअरबॉक्स

“जे ज्या ओळीनं काढशीन, ते त्याच ओळीनं बसव. अन् झाकण लावाच्या आधी एकएक भोक तोंडानं फुंकून पाह्य. काही अडकलं असंन तर तिथंच समजते. हे इसरू नको, बाप्पा.”

हा आवाज बाबूलाल ड्रायव्हरचा. तो आता या जगात नाही. पण त्याचे हे बोलणे माझ्या लोखंडात अजून घुमत असते.

मित्रांनो, मी एका जुन्या अमेरिकी मोटारीचा गिअरबॉक्स आहे. इतर मोटारींत ड्रायव्हर पायाने क्लच दाबतो, हाताने दांडी ओढतो, तेव्हा गिअर बदलतो. माझे तसे नव्हते. माझ्या पोटात वारुळासारख्या बारीक वाटा होत्या आणि त्या वाटांतून लाल तेल धावायचे. वाटेवर छोट्या छोट्या खिळ्या असत. तेलाने खिळी सरकवली, की आतल्या चकत्या एकमेकींना घट्ट धरायच्या आणि गिअर आपोआप बदलायचा. बसणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडे झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. मला आठवते ती तुमसरकडची लाल माती आणि मँगनीजच्या खाणीचा रस्ता. खाणीच्या साहेबाची ती मोटार होती आणि बाबूलाल तिचा ड्रायव्हर. तो रोज सकाळी बॉनेटला हात लावून मग स्वतःच्या कपाळाला लावायचा. “पोटातलं पाणी हालत नाही हिच्यात,” असे तो लोकांना सांगायचा, तेव्हा मला फार बरे वाटायचे.

साहेब परत गेला आणि मोटार तुमसरच्या राइस मिलवाल्या भैय्याजींकडे आली. कितीतरी नवरदेव त्यांनी त्या मोटारीतून वाजतगाजत नेले. पण माझे लाल तेल कमी झाले तेव्हा कोणीतरी इंजिनाचे साधे तेल ओतून दिले. चकत्या जळाल्या, झिजल्या. मग इंजिन नुसते ओरडायचे आणि मोटार जागची हलायची नाही. शेवटी मला मिलच्या मागच्या शेडमध्ये ढकलले. अंगावर कोंड्याचा थर बसला. गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. भैय्याजी त्या बाजूला फिरकेनासे झाले.

त्या मिलमध्ये धनीराम नावाचा माणूस यंत्रांना तेल घालायचा. आंधळगावचा, तलावावर मासे धरणाऱ्यांच्या घरचा. एके दिवशी तो मोटारीपाशी बराच वेळ उभा राहिला आणि मग भैय्याजींकडे गेला.

“दुरुस्त करून पाहू का, मालक?”

“तुले येते का गा?”

“नाही येत. शिकून पाहीन.”

भैय्याजी हसले. “ने. चालली तर एक दिवस तुझी, मंग माझी. नाही चालली तर तुझ्याच अंगणात राहू दे. शेड तरी मोकळं होईन.”

धनीरामला तो एकच दिवस हवा होता. त्याची मोठी बहीण जिजा घरी खाटेवर होती. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनेच त्याला वाढवले. जिजा दर महाशिवरात्रीला गावच्या तलावाचे पाणी तांब्यात भरून गायमुखाच्या देवळापर्यंत पायी न्यायची आणि तिथल्या महादेवाला घालायची. हा तिचा नेम तरुणपणापासूनचा. मग तिचे डावे अंग लुळे पडले. पहिल्या वर्षी धनीरामने तिला बैलगाडीत बसवले, पण गाडीच्या हिसक्यांनी ती इतकी कळवळली की वेशीवरूनच परत आणावे लागले. एस.टी.च्या पायऱ्या तिला चढवत नव्हत्या. गावात दुसरी मोटार नव्हती. तेव्हा धनीरामच्या मनात मी आलो. मऊ गादीची, पोटातले पाणी न हलणारी मोटार.

“बाई, येत्या शिवरातीले तुले मोटारीत नेतो,” तो जिजाला म्हणाला. “शब्द देतो तुले.”

त्या साली पोळा झाल्यावर त्याने मोटारीला बैल जुंपले आणि आंधळगावला ओढत आणली. वेशीवर मुरारी बसला होता. तो कोणालाच टोमणा मारल्यावाचून सोडत नसे.

“काहून गा धनीराम, बैलं मोटार वढून राहिले, का मोटार बैलाइले ढकलून राहिली?”

धनीरामने बैल पुढे हाकले.

बाबूलाल तुमसरला आपल्या लेकाकडे राहायचा. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. धनीराम त्याला सायकलवर बसवून घेऊन आला. बाबूलालने मला हातांनी चाचपले आणि म्हणाला, “वळखलं.” मग माझ्याजवळ बसून त्याने जे सांगितले ते तुम्ही सुरुवातीला ऐकले आहे. त्याने मला कधी स्वतः उघडले नव्हते, नागपूरच्या मिस्त्रीला उघडताना पाहिले होते. तेवढीच धनीरामची शिकवणी.

अंगणात तीन बल्ल्या बांधून साखळीने त्याने मला खाली उतरवले. उघडले. माझे नट कुठले आणि नळी कुठली, त्याला काही ठाऊक नव्हते. पण जाळे विणण्याची बोटे त्याच्याकडे होती. जो भाग निघेल तो तो जाळ्याच्या सुतळीला गाठ मारून बांधायचा. पहिला निघालेला पहिल्या गाठीत, नंतरचा पुढच्या गाठीत. बाबूलालने सांगितलेली ओळ अशी त्याने सुतळीत धरून ठेवली. जळक्या चकत्या पोत्यात घालून नागपूरच्या भंगार बाजारात गेला आणि जुळत्या शोधून आणल्या. सांध्यांतून तेल गळू नये म्हणून जाड पुठ्ठा कापून पट्ट्या केल्या. रॉकेलने मला धुतले. बारीक वाटांचा जो पत्रा, त्याचे एकएक भोक त्याने गाल फुगवून फुंकले. वारा आरपार गेला. किती वर्षांनी मला मोकळा श्वास मिळाला होता!

मग नवरात्र आले. दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा असायची, म्हणून धनीराम सकाळीच तुमसरला गेला. त्याची बायको गुणाबाई तलावावर धुणे घेऊन गेली. घरी जिजा एकटी होती.

तिला वाटले, मिलच्या यंत्राला पूजा आणि आपल्या भावाने मांडलेल्या यंत्राला काहीच नाही? ती खाटेवरून उतरली. उजव्या हाताने ताट सरकवत, कमरेने घसटत, अंगण ओलांडून माझ्यापाशी आली. तिने प्रत्येक भागाला हळदकुंकू लावले. ओल्या हळदीच्या अक्षता एकेकावर वाहिल्या. “महादेवा, माझ्या भावाच्या हाताले यश दे,” एवढेच ती म्हणाली. तिला धाप लागली होती, पण तोंडावर समाधान होते.

त्यातला एक दाणा पत्र्याच्या भोकात पडला आणि एका खिळीमागे रुतून बसला. मोटार पुढे नेणाऱ्या तेलाची ती वाट होती.

संध्याकाळी धनीराम सोने वाटत घरी आला. त्याने पूजा पाहिली आणि त्याचे डोळे भरले. दुसऱ्या दिवशी तो मला बांधायला बसला. वरच्या अक्षता त्याने फडक्याने हलकेच टिपून तुळशीत घातल्या. मग पत्रा उचलला, सवयीने तोंडाजवळ नेला, गालही फुगवले. तेवढ्यात त्याला कुंकू दिसले. खाटेवरून जिजा बघत होती.

मित्रांनो, आमच्याकडे दिवासुद्धा तोंडाने फुंकून विझवत नाहीत. पूजलेल्या वस्तूला तोंडाचा वारा लागला की ती उष्टी होते. धनीरामने पत्रा खाली घेतला, कपाळाला लावला आणि तसाच बसवला.

त्या वेळी मला वाचा असती तर!

दिवाळीनंतर मला मोटारीत चढवले. लाल तेल ओतले. अंगणाबाहेर गाव जमले. जिजाला गुणाबाईने मागच्या गादीवर बसवले. इंजिन सुरू झाले. धनीरामने दांडी पुढे जाण्याच्या खुणेवर आणली. मी जीव तोडून तेल ढकलले, पण वाट बंद होती. मोटार हलली नाही. त्याने दांडी मागे घेतली आणि मोटार अलगद, पाण्यावर डोंगा सरकावा तशी, मागे गेली.

मुरारी म्हणाला, “जम्ते की. पाठमोरा बसून जाय गायमुखले. महादेव का तोंड पाहून पावते?”

लोक हसले. जिजाही हसली. “किती मऊ चालते रे धनी,” ती म्हणाली. तेवढाच तिचा प्रवास. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तोही मागे मागे.

धनीरामने मला पुन्हा उघडले. लाल तेल मातीत जिरले आणि तसले तेल पुन्हा मिळाले नाही. त्याने चकत्या उलटसुलट करून पाहिल्या, गाठी परत परत मोजल्या. सगळा दोष स्वतःच्या हातांना दिला. त्या पत्र्याला मात्र हात लावला नाही. तो तर त्याने फुंकून घेतला होता, आणि शिवाय बाईने पूजला होता.

थंडीत जिजा खंगत गेली. एकदा तिने त्याला जवळ बोलावले.

“मोटारीचं सोड गा. माझा तांब्या तेवढा पोचवशीन?”

“पोचवतो, बाई.”

“दरसाल?”

“दरसाल.”

पौष संपता संपता ती गेली.

त्याला आता बरीच वर्षे झाली. मोटारीचा सांगाडा भंगारवाल्याने नेला. मला धनीरामने दिले नाही. मी गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून पडलो आहे. गंज चढतो, बकऱ्या अंग घासतात. तो दाणा अजून माझ्या पोटात आहे. जिजाचा मला कधी राग आला नाही. इतक्या मायेने मला दुसऱ्या कोणी शिवलेच नव्हते. मी आता चालणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

माझे एवढेच मागणे आहे. एखादे यंत्र उघडलेत, तर बंद करताना पुन्हा एकदा पाहा. आधी पाहिले होते म्हणून सोडू नका. पूजेने यंत्राचा मान राहतो, पण त्याची वाट आपल्यालाच मोकळी करावी लागते. आणि कोणाला दिलेला शब्द माझ्यासारख्या झिजलेल्या डब्याच्या भरवशावर ठेवू नका.

आज महाशिवरात्र आहे. उजाडते आहे. धनीराम तलावावर अंघोळ करून आला. त्याचे केस आता पांढरे झाले आहेत. जिजाचा पितळी तांब्या त्याने भरून आणला आहे. आपल्या तोंडाचा वारा पाण्याला लागू नये म्हणून तांब्याच्या तोंडावर त्याने ओले फडके बांधले, सुतळीची गाठ मारली. मग कोणाला काही न सांगता, अनवाणी, माझ्या शेजारून तो गायमुखाच्या वाटेला लागला.