तात्यांचा बॉल धरणात

अमृतला आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या. त्यातली एक म्हणजे सुलक्षणा. दुसरी त्याला अजून सुचली नव्हती.

पानशेतला धरणाच्या कडेला एका रिसॉर्टनं उतारावर हिरवळ लावून गोल्फ शिकवायची सोय केली होती. शिकवणारे दोघं. पुण्याहून आलेल्या स्नेहल मॅडम आणि उत्रोलीचा अमृत. सुलक्षणा तिथंच काउंटरवर बसायची. पाहुण्यांना खोलीच्या किल्ल्या द्यायची आणि अमृतला धीर. दोघांचं जमून वर्ष होत आलं होतं. आड येत होते ते फक्त तिचे वडील, बाजीराव तात्या.

मागणी घालायला अमृत गेला तेव्हा तात्यांनी त्याला बसायला दिलं, पाणी दिलं आणि विचारलं, "काम काय करता?"

"गोल्फ शिकवतो."

"म्हंजे?"

"काठीनं बॉल मारायचा. लांब."

"मग?"

"मग चालत जायचं आणि परत मारायचा."

तात्यांनी टोपी मागं सारून विचार केला. "म्हसरं हाकताना आमी बी ह्येच करतो. पर त्याला कुणी मास्तर ठेवल्याचं ऐकलं न्हाई."

अमृतला स्वतःलाही हा प्रश्न अधूनमधून पडायचा.

शेवटी तात्यांनी तोड काढली. "असं करू. मला शिकवा. माझ्या हातनं एक बॉल धरणात पडला, की तुमी मास्तर आणि लेक तुमची. न्हाई पडला तर तुमी नुसते काठीवाले. पुढल्या सोमवारी दुसरं एक स्थळ येतंय, त्याच्या आत काय ते बगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या धोतर, टोपी आणि नवे पांढरे बूट घालून हिरवळीवर हजर झाले. सोबत गेनबा होता. गेनबा तात्यांचा शेजारी. त्याला कुठंही काही चाललेलं असलं की बघायला आवडायचं.

पहिला तास स्नेहल मॅडमनी घेतला. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध. त्यांनी मोबाईलवर तात्यांचं मागून शूटिंग केलं, मग ते सावकाश चालवून अंगावर लाल रेघा मारून दाखवल्या. खांदा इथं हवा, कंबर इथं हवी.

तात्या बराच वेळ मोबाईलकडं बघत राहिले. "ह्यो कोण?"

"तुम्हीच, तात्या."

"मी मागनं असा दिसतो?"

मॅडम हो म्हणाल्या. तात्यांनी घरी जाऊन बायकोला, मंगलकाकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं." त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. मॅडमच्या शास्त्राचा तिथंच शेवट झाला.

मग अमृतची पद्धत सुरू झाली. ती अनुभवाची होती. माणसाला जे येतं त्यातूनच खेळ काढायचा. "तात्या, काठी म्हणजे कोयता समजा," तो म्हणाला. तात्यांनी समजली आणि हिरवळीचं चांगलं ताटाएवढं ढेकूळ कापून वर काढलं. बॉल त्यावर बसून होता. मग अमृत म्हणाला, "पाळण्याची दोरी ओढताय असं समजा. हलकं." तात्यांनी इतकं हलकं ओढलं, की बॉल जागचा हलला नाही. झोपलाही असेल.

खरी अडचण पद्धतीत नव्हतीच. गोल्फ शिकवणं म्हणजे समोरच्याला सारखं 'चुकलं' म्हणणं. आणि होणाऱ्या सासऱ्याला चुकलं कसं म्हणायचं? त्यांच्या कमरेला हात लावून ती वळवायची कशी? त्यामुळं तात्यांनी काठी फिरवली आणि ती बॉलच्या वरून गेली, की अमृत म्हणायचा, "वा तात्या! जवळनं गेली."

"कुणाच्या?" गेनबा विचारायचा.

आठवडाभर तात्यांनी हवा मारली. बॉलपर्यंत पोचायच्या ऐन वेळी ते मान वर करून धरणाकडं बघायचे, बॉल पडला का ते पाहायला. तो निघालेलाच नसायचा. अमृतला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. खेळातली सगळ्यात जुनी चूक. फक्त ती सांगता येत नव्हती.

"तू त्यांना स्पष्ट सांग की, वर बघू नका," स्नेहल मॅडम वैतागून म्हणाल्या.

"सासरे होणार आहेत माझे."

"असंच चाललं तर होणार नाहीत."

रविवार उजाडला. तात्यांच्या मागं गेनबाच नव्हे, निम्मी आळी आली होती. सुलक्षणा काउंटर सोडून पायरीवर येऊन उभी राहिली. तात्यांनी काठी फिरवली, वर बघितलं. हवा. परत फिरवली, परत वर बघितलं. हवा.

"तात्या, वाकून बॉललाच इचारा की, जायाचं हाय का म्हनून," गेनबा म्हणाला. लोक हसले.

"तात्या, जरा... खाली बघितलंत तर..." अमृत म्हणाला.

"मला बघायला शिकवता व्हय?" तात्या म्हणाले आणि काठी एका हातात धरून मोबाईलवर कुणाला तरी भाताला पाणी सोडायला सांगू लागले. बोलता बोलता त्यांनी काठी उगारलीसुद्धा.

अमृतच्या आत काहीतरी तुटलं. आठवडाभराचं सगळं 'वा तात्या' घशाशी आलं.

"ए बाजीराव! ठेव तो फोन! थोबाड खाली कर! वर बघितलंस तर याद राख! मार आता, गपचीप!"

पायरीवर सुलक्षणानं तोंडावर हात ठेवला. तात्यांच्या हातातला मोबाईल हिरवळीवर पडला. त्यांची मान शाळेतल्या पोरासारखी खाली गेली आणि त्यांनी काठी फिरवली.

टक्.

बॉल उतारावरून निघाला, आंब्याच्या शेंड्यावरून गेला, धरणावर गेला आणि पाण्यात पडला. तात्या अजून खालीच बघत होते.

"गेला की वं!" गेनबा ओरडला.

अमृतनं आनंदानं सुलक्षणाकडं बघितलं. तेवढ्यात त्याच्या पायांवर काहीतरी जड आलं. ते तात्यांचं डोकं होतं.

"तात्या, अहो, उठा!"

"उठा म्हनू नगा. ऊठ म्हना." तात्यांचे डोळे भरले होते. "माझा बाप गेल्यापास्नं मला कुणी अरे म्हटलं नव्हतं. म्हनून तर मी असा राह्यलो. आता तुमी मला बापाच्या ठिकाणी."

अमृतनं त्यांना हाताला धरून उठवलं. "बरं. मग ते... सुलक्षणाचं?"

"तिचं काय? ती तुमची नातच की."

अमृतनं गेनबाकडं बघितलं. गेनबानं नाराजीनं मान हलवली. "आज्यानं नातीला मागनं घालायचं? मास्तर, शोभतं का ह्ये?"

"अहो, तो सव्वीस वर्षांचा आहे!" स्नेहल मॅडम म्हणाल्या.

"गुरूला वय नसतं, मॅडम," तात्या म्हणाले आणि त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

संध्याकाळी काउंटरवर सुलक्षणानं अमृतकडं न बघता किल्ल्या मोजल्या. "माझ्या बापावर ओरडायला हीच वेळ मिळाली?"

"पण बॉल गेला ना."

"बॉल गेला. मी राहिले."

सोमवारी तात्यांनी त्याला आणायला जीप पाठवली. स्थळ आलं होतं आणि घरात वडीलधारं माणूस बसायला पाहिजे होतं. अमृतला पलंगावर तक्क्याला टेकवून बसवलं. बाकी सगळे खाली सतरंजीवर. मुलगा कुंडलिक, शिरवळला कंपनीत कामाला. आल्याबरोबर त्यानं अमृतच्या पाया पडून घेतलं. अमृतनं त्याच्यात खोट शोधायचा मनापासून प्रयत्न केला. मुलगा नम्र होता, नीटनेटका होता, त्याला स्वयंपाकही येत होता. अमृतला तो आवडायलाच लागला.

"आमच्याकडं मास्तरांचा शबूद शेवटचा," तात्यांनी पाहुण्यांना सांगितलं.

सुलक्षणा पोहे आणि चहा घेऊन आली. पलंगापाशी वाकून हळूच म्हणाली, "शेवटचा शब्द तुमचा आहे ना? मग बोला की."

अमृत तक्क्यावरून सरळ झाला. "मुलगा चांगला आहे. तक्रार काही नाही. फक्त... सुलक्षणाचं लग्न माझ्याशी व्हावं, असं मला वाटतं."

तात्या हसायला लागले. गुडघ्यावर थापा मारत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांच्या मागोमाग गेनबा, मग मुलाचे मामा.

"म्हातारं लई मोकळंढाकळं हाय तुमचं," मामा म्हणाले. "आमचा आजाबी असाच हुता. नव्वदीत म्हनायचा, माझं लगीन करा."

कुंडलिकही हसला. तो मनमोकळं हसायचा, त्यातही खोट नव्हती. सगळे आपल्याकडंच बघून हसतायत म्हटल्यावर अमृतलाही थोडं हसावं लागलं.

एकटी सुलक्षणा हसली नाही. तिनं अमृतच्या पुढ्यातला भरलेला कप उचलला.

"आजोबांना साखर सोसत नाही," ती म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

"बगितलं?" तात्या पाहुण्यांना म्हणाले. "पोरगी किती काळजी घेती."