कॅसेटमधला दगड

व्हीसीआरचं झाकण उघडताच उंदरांच्या मुताचा भपकारा आला. जगदेवनं उपरण्यानं नाक दाबलं. त्या डबड्याची किळस वाटत होतीच. समोर खर्रा चघळत बसलेल्या चुलतभावाची, बापूरावची, त्याहून जास्त.

दोघांच्या वावरांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वर्षभर भांडण होतं. बापूराव म्हणे, हद्दीचा दगड आधी लिंबाच्या झाडाशी होता. जगदेव म्हणे, आहे तिथंच होता, तू लबाड. जगदेवच्या मुलाच्या लग्नाची पंगत त्याच वावरात उठली होती, तिची कॅसेट होती. कॅसेटीत दगड दिसेल तिथं धुरा, असं दोघांनी मारुतीपुढं कबूल केलं.

व्हीसीआरच्या बाकी पिना गंजलेल्या. अँटेनाची वायर तेवढी धड. सून मंजुषानं ती आपल्या बंद पडलेल्या क्लासच्या कॉम्प्युटरला, त्यातल्या टीव्ही कार्डाला जोडली. कॅसेट घालून सगळे चॅनल शोधून झाले. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"जगदेवभाऊ, मुंग्याइनं नेला वाटते तुया दगड!" बापूराव खिडकीतून पचकन थुंकला.

"थुकू नोको माह्या आंगणात!"

"मामाजी, थांबा जरा," मंजुषा म्हणाली. "कार्डात देश अमेरिका टाकेल हाय. तिकडले चॅनलचे आकडे अलग राह्यते."

तिनं भारत निवडला. मुंग्यांत माणसं हलली. मग फ्रिक्वेन्सीचा आकडा हातानं थोडा थोडा सरकवत ती पाचशे एक्क्याण्णववर आली, आणि सनईसकट चित्र लख्ख उभं राहिलं.

लिंबाचं झाड. त्याच्या बुडाशी चुन्याचा पट्टा ओढलेला दगड. बुंदीच्या कढईला चुलांगणात एक दगड कमी पडलेला. काळ्या केसांचा जगदेव हसत हसत तो हद्दीचा दगड उपटतो, कॅमेऱ्याला दाखवतो, कढईखाली सारतो.

संध्याकाळी तो परत कोणी रोवला, हे कोणी विचारलं नाही. जगदेवला आठवलं. त्यानंच, अंधारात, घाईत, अंदाजानं. दगडाची एक बाजू काळी का, हेही त्याला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

बापूराव हसेल म्हणून तो वाट पाहत राहिला. बापूराव हसला नाही.

"उन्ह लय हाय भाऊ. दगडाचं उद्या पाहू."

ती दया जगदेवला खर्ऱ्याच्या पिचकारीपेक्षा घाण लागली. कोपऱ्यातली पहार उचलून तो उघड्या डोक्यानं वावराकडे निघाला.