पुलाशिवाय लढाई

जुम्म्याची नमाज आटोपली आणि बिर्याणीचं पातेलं खरवडून झालं, की मेसमध्ये सिनेमा लागायचा. ओमानमधल्या रुसैलच्या रबर कारखान्यातली पन्नास-साठ माणसं एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसायची. सिनेमा ऐतिहासिक असला की गजेंद्रची जीभ वळवळायला लागायची. हा चिपळूणचा पोरगा फिजिक्सचा पदवीधर होता आणि सेफ्टी विभागात अहवाल लिहायचा. डोळ्यांसमोर चूक दिसली की गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

त्या शुक्रवारी स्कॉटलंडच्या जुन्या लढायांवरचा सिनेमा होता.

"हे घागरे बघितलेत? हे या लढाईनंतर तीनशे वर्षांनी आले," गजेंद्र म्हणाला. "आणि तोंडाला निळा रंग फासायचे ते लढाईच्या हजार वर्षं आधी."

"आलं सेन्सॉर बोर्ड!" फोर्कलिफ्ट चालवणारा बंटी ओरडला. "अरे, मारामारी तरी बघू दे!"

मोकळ्या माळावर दोन्ही फौजा एकमेकींवर तुटून पडल्या, तशी गजेंद्रने रिमोट उचलून सिनेमाच थांबवला. "पूल कुठे आहे?"

"कसला पूल रे?" पुढच्या खुर्चीतून तय्यबचाचांनी विचारलं. उजवा हात उशीवर ठेवून ते बसले होते. तीन आठवड्यांपूर्वी रोलरमध्ये त्या हाताची दोन बोटं गेली होती. बँडेज अजून निघालं नव्हतं.

"चाचा, ही लढाई लाकडी पुलावर झाली. बाराशे सत्त्याण्णव साली. पूल एवढा अरुंद की एका वेळी दोनच घोडेस्वार जाणार. इंग्रजांची अर्धी फौज अलीकडे येईपर्यंत स्कॉटलंडवाले थांबले आणि मग तुटून पडले. पूल काढला तर लढाई का जिंकली तेच कळत नाही. वाटतं, हे शूर होते आणि ते मूर्ख."

"मग काढला कशाला?"

"शूटिंगला अडचण होत असेल."

चाचा स्वतःशीच हसले. "अडचण व्हायला लागली की काढतातच."

ते कशाबद्दल बोलत होते हे सगळ्या मेसला ठाऊक होतं. रोलरपुढे लोखंडी जाळी असायची. तिच्यात रबर अडकून मशीन थांबवावं लागे, म्हणून रमजानच्या आधी मॅनेजरने ती काढायला लावली होती. अपघाताच्या दिवशी गजेंद्र टेप घेऊन गेला आणि मोजून आला: जाळीच्या जागी पंचेचाळीस सेंटिमीटर उघडं. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात त्याने ते लिहिलंही. चाचांना विम्याची भरपाई मिळणार, की दोषी ठरवून त्यांना घरी धाडणार, हे त्या एका वाक्यावर होतं.

रविवारी मॅनेजरने त्याला बोलावलं. माणूस पुण्याचा, एरवी 'आपली माणसं' म्हणून गळ्यात पडणारा.

"गजेंद्र, हे जाळीचं वाक्य काढ. 'कामगाराचा निष्काळजीपणा' एवढं पुरे. अर्बाब मालकांना सगळं एका पानात लागतं."

"पण सर, जाळी नव्हती."

"नव्हती? हा फोटो बघ."

फोटोत जाळी होती. तिचे चारही बोल्ट नवेकोरे होते, त्यांच्यावर काळ्या धुळीचा एक ठिपकाही नव्हता. गजेंद्रला ते एका नजरेत दिसलं.

"तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतोय ना?" मॅनेजरने अगदी मायेने विचारलं. "करू आपण. इन्शाल्ला."

गजेंद्रने वाक्य काढलं. मग पानावर जागा मोकळी दिसू नये म्हणून खालचा मजकूर नीट वर सरकवला.

मंगळवारी सहीसाठी चाचा त्याच्या टेबलाशी आले. अहवाल इंग्रजीत होता. "वाचून दाखव रे मास्तर. तुझं वाचन पक्कं असतं."

गजेंद्रने मराठी करून वाचलं. वेळ दहा चाळीस. रोलरचा वेग. हातमोज्यांचा प्रकार. शेवटी निष्काळजीपणा. एक आकडा चुकला नाही.

"झालं?" चाचांनी विचारलं.

"झालं."

"आणि जाळी?"

गजेंद्रने कागद टेबलाच्या कडेला सरळ लावला.

"सातशे वर्षांपूर्वीचा पूल दिसला तुला," चाचा शांतपणे म्हणाले. "जाळी तर तू स्वतः मोजली होतीस. मी बघत होतो, हाताला फडकं गुंडाळून."

"चाचा, माझा व्हिसा—"

"माझा कॅन्सल होतोय, बेटा. मला माहीत आहे व्हिसा म्हणजे काय ते. आण पेन. सही केल्याशिवाय तिकीट काढत नाहीत हे."

त्यांनी डाव्या हातात पेन धरलं. अक्षरं पोरासोरांसारखी वाकडीतिकडी पडली. सहीखाली त्यांनी सावकाश तारीख घातली आणि कागद पुढे सरकवला.

गजेंद्रने कागद बघितला. तोंडातून शब्द निघून गेल्यावरच त्याला कळलं आपण काय बोललो ते.

"चाचा, आज सोळा नाही. सतरा आहे."

चाचांनी पेन परत उचललं, सोळा खोडून सतरा केलं आणि विचारलं, "आता बरोबर आहे ना सगळं?"