नेताय की ठेवताय?

सन दोन हजार तेवीस. मे महिन्याचा पहिलाच आठवडा. भिवंडीजवळच्या वडपे गावामागे, टेकडीच्या पायाशी वारल्यांचा नऊ घरांचा एक पाडा होता. भर दुपारी शेजारच्या भंगाराच्या गोदामाने पेट घेतला आणि वाऱ्याने ती आग पाड्यावर आणून टाकली. माणसं वाचली, घरं गेली. शाळेला सुट्टी लागलेली, म्हणून नऊही कुटुंबं शाळेच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. पण पंधरा जूनला शाळा उघडणार होती. तोवर छपरं उभी राहिली नाहीत तर ही माणसं मिळेल त्या कामामागे पांगतील आणि पाडा पुन्हा भरणार नाही, हे हौसाबाईंना स्पष्ट दिसत होतं.

हौसाबाई म्हणजे पाड्यावरच्या अंगणवाडीच्या जुन्या ताई. तीस वर्षं त्यांनी तिथल्या पोरांची नाकं पुसली, अक्षरं गिरवून घेतली. पाड्यावरचा धाकल्या त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आणि त्याची बायको तानी चित्रं काढणारी. लग्नघरच्या भिंती लिहायला तिला लांबून बोलावणं येई.

हौसाबाईंची भाची नेत्रा मुंबईला चित्रकला शिकलेली. तिने चित्रांचा लिलाव करायचं ठरवलं. ओळखीच्या चित्रकारांकडून वीस चित्रं आणली, एकविसावं तानीचं. शेजारच्या वळ गावात एक रिकामं गोदाम मिळालं. बिल्डरांना जमिनी देऊन गोदामांचे मालक झालेली आसपासची सगळी मंडळी बोलावली. पांढऱ्या खोळीच्या खुर्च्या, चहा, सरबत, मंद बासरी. प्रत्येक चित्राखाली एक पेटी. आवडेल त्या चित्रासाठी किती देणार तो आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि गुपचूप पेटीत टाकायचा.

पाच वाजता पेट्या उघडल्या. तीन चिठ्ठ्या पाचशेच्या, एक हजाराची. एका पेटीत कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड, दुसरीत चॉकलेटचा कागद. तानीच्या चित्राखाली एकच चिठ्ठी होती, तिच्यावर लिहिलं होतं, ‘चित्र छान आहे.’

नेत्रा खुर्चीवर बसून राहिली. "आत्या, यांच्याकडे पैसा आहे, मनच नाही."

हौसाबाई उठल्या. चहा घेत उभ्या असलेल्या अंजूरच्या सावळारामशेठकडे गेल्या. "काय शेठ, हात आखडला?"

"हात कशाला आखडंल, हौसाताई?" सावळारामशेठ म्हणाले. "पन चिठ्ठीतला आकडा कोनाला दिसनार? उद्या हे वळवाले गावभर सांगतील, सावळाराम आला, चा प्याला आनि गेला."

पलीकडून वळचे रामनाथशेठ भिंतीशी बोलावं तसं बोलले, "चा तरी पुरता पिला का बगा." एका कबड्डीच्या सामन्यावरून या दोघांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

हौसाबाईंच्या एकदम लक्षात आलं. त्यांचे वडील अनंता वडप्याच्या देवळात हनुमान जयंतीला देवाच्या नारळाचा लिलाव पुकारायचे. लहानगी हौसा खांबाआड नारळाची टोपली धरून बसायची. बोली आली की वडील माणसाचं नाव घ्यायचे, मग बापाचं, मग गावाचं. दोन वार आणि तीन वार यांच्या मध्ये घाई करायची नाही. आणि बघायचं ते बोलणाऱ्याकडे नव्हे, गप्प बसलेल्याकडे. हौसाला सगळं पाठ होतं. पण बाईमाणसाने पारावर चढून पुकारायचं, हे त्या गावात कधी झालं नव्हतं.

त्यांनी बासरी बंद करायला लावली. कोपऱ्यातला माल रचायचा लाकडी पाट मधे ओढला, पदर खोचला आणि तानीचं चित्र घेऊन वर चढल्या. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कोऱ्या कापडावर राखेचा हात फिरवून तानीने तांदळाच्या पिठाने पाडा काढला होता, जळण्याआधी होता तसा. नऊ घरं, घरातली माणसं, कोंबड्यासुद्धा.

"ह्या पाड्याला बोली लावा," हौसाबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या.

कुणी हललं नाही. मग दाराशी उभ्या असलेल्या धाकल्याने हात वर केला. "एक्कावन्न."

दोघं-तिघं हसले. हौसाबाई हसल्या नाहीत. "धाकल्या, बाप लाडक्या, पाडा वडप्याचा. रुपये एक्कावन्न. ज्याचं घर जळलं त्याने सुरुवात केली. आता ज्यांची उभी हायत त्यांचं ऐकू द्या."

हसणं थांबलं. ड्युटी सुटल्यावर शहरातून आलेले चार लूम कामगार मागे उभे होते. त्यांच्यातला एक म्हणाला, "खाला, चारों मिलके दो हजार. नाम अपने लूम का पुकारना."

हौसाबाईंनी तेही पुकारलं. चौघांच्या माना ताठ झाल्या.

"अकरा हजार," सावळारामशेठ.

हौसाबाईंनी नाव, बाप, गाव सगळं पुकारलं, आणि बघितलं रामनाथशेठकडे.

"एकवीस."

मग काय, कबड्डीच सुरू झाली. एक्कावन्न, पंचाहत्तर, आणि लाखावर एक रुपयाला सावळारामशेठवर तीन वार पडले. नेत्राच्या डोळ्यांत पाणी आलं. ती चित्र गुंडाळायला कागद घेऊन पुढे आली, तर हौसाबाईंनी तिला हातानेच थांबवलं.

देवळात नारळ जिंकणाऱ्याला एक प्रश्न विचारायची रीत होती. तोच त्यांनी विचारला.

"शेठ, नेताय की ठेवताय?"

नारळ घरी नेला तरी चालायचा. पण ठेवला, तर दिलेले पैसे देवाचेच राहायचे, वर त्याच नारळावर पुन्हा बोली लागायची. गोदामातल्या प्रत्येक गाववाल्याला हे ठाऊक होतं. सगळ्यांनी माना सावळारामशेठकडे वळवल्या.

शेठनी चित्राकडे पाहिलं. मग खुर्चीवर रेलून म्हणाले, "ठेवा."

टाळ्यांनी पत्रे वाजले.

"आत्या, एकच चित्र दोनदा कसं विकणार?" नेत्रा कुजबुजली.

"विकत न्हाय गं, फिरवतेय. तू नावं लिहून घे."

रामनाथशेठनी पुढची फेरी दहा हजार चढवून जिंकली. "नेताय की ठेवताय?" विचारायच्या आतच म्हणाले, "ठेवा. आमाला काय घरात भिंती न्हाईत असं नाय, पन ठेवा."

पाच वेळा ते चित्र जिंकलं गेलं, पाचही वेळा ठेवलं गेलं. तोवर मंडळी अशी तापली की उरलेली वीसही चित्रं तासाभरात उठली. नऊ छपरांचा खर्च निघाला, वर विहिरीच्या पंपाचाही. शेवटी हौसाबाईंचा घसा पूर्ण बसला, तेव्हा सावळारामशेठनी सरबताचा पेला रामनाथशेठकडे सरकवला आणि म्हणाले, "ताईला द्या. तुमी जवळ हाव."

वीस वर्षांतलं त्यांचं ते पहिलं बोलणं.

चौदा जूनला तानीने शाळेच्या दोन्ही खोल्या सारवल्यासारख्या स्वच्छ पुसल्या आणि किल्ली गुरुजींच्या हातात दिली.

नेत्राने पुढे भिवंडीतच मुलांचे चित्रकलेचे वर्ग काढले. पेट्या तिने पोरांना रंग ठेवायला दिल्या. तानीला आता चित्राचे पैसे आगाऊ मिळतात; लग्नघरची भिंत मात्र ती अजून नुसत्या बोलावण्यावर लिहिते. धाकल्या पाड्याचा पंप सांभाळतो, आणि पहिली बोली आपली होती हे नव्या माणसाला हटकून सांगतो. दोघे शेठ पुन्हा भांडले, पण आता समोरासमोर भांडतात. लूमवरचे दोघे गावी गेले, दोघे अजून ईदला पाड्यावर शेवया पाठवतात.

चित्र कुणाचंच नाही, म्हणून ते अंगणवाडीत आहे. आणि पुढच्या हनुमान जयंतीला गावाने हौसाबाईंना निरोप धाडला. त्या पारावर चढल्या, आणि पहिला नारळ उचलून आधी स्वतःचंच नाव पुकारलं: हौसा, बाप अनंता, गाव वडपे.