पोटाचं दुखणं

काडी लाकडाची, आइस्क्रीमच्या कपाबरोबर मिळते तशी, फक्त एक टोक वेगळं कापलेलं… एवढ्याशा काडीला घाबरून आपण वर्षानुवर्षं टाळाटाळ केली, याचं तिला तपासणीच्या टेबलावर आडवं पडल्या पडल्या हसू आलं.

"अंग सैल सोडा," नर्स म्हणाली, आणि मग आवाज एकदम खाली आणून, "घरात कुणाला होता का… हा त्रास?"

पुन्हा तीच कुजबुज. आईच्या वेळी सगळं घर असंच बोलायचं – पोटाचं दुखणं. नाव मावशीने काढलेलं, पाहुण्यांना सांगायला सोयीचं. आणि आई बिचारी त्या नावाला इतकी जागली की रक्त जात असतानाही वर्षभर पोटाचीच औषधं घेत राहिली. मग रेडियमची खोली, शिशाचा पडदा, दाराबाहेर जमिनीवर पिवळी रेघ, मुलांनी पलीकडे जायचं नाही… त्या रेघेवर उभं राहून तिने आईला हाक मारली होती, आणि मावशीने तोंडावर हात दाबला होता – हळू, लोक ऐकतील! आईनंतर त्याच हातांनी तिला वाढवलं, हेही खरंच. आता ती बसस्टँडवर उद्घोषक आहे, दिवसभर अख्ख्या स्टँडला गाड्या सांगते, पण हा एक शब्द तिच्या तोंडून कधी फुटला नाही. आणि घरी मुलगी बारा वर्षांची. हे दुखणं होऊ नये म्हणून लस द्यायची म्हटलं की मावशीचं पालुपद सुरू – पोरीला कशाला असलं, लोक काय म्हणतील…

म्हणू देत. खड्ड्यात गेले लोक.

"आईला होता," ती स्टँडवरच्या आवाजात म्हणाली. "गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर! त्यानेच गेली ती."

पडद्यापलीकडच्या बाकांवर एकदम सामसूम झाली.

बाहेर सोबतीला आलेली मावशी पर्स छातीशी धरून बसली होती. "अख्ख्या हॉलला ऐकू गेलं."

"जावं म्हणूनच बोलले. आणि शनिवारी पोरीला लस देऊन आणणार आहे. काय म्हणायचंय ते म्हण."

ती कंबर कसून उभी राहिली. मावशी मात्र नुसती पर्सची चेन उघडत-लावत होती. मग मान वर न करता म्हणाली, "ती काडी… दुखते का गं?"

"नाही." आणि आवाज जराही न उतरवता, "तुला कधीपासून जातंय रक्त?"

मावशीची बोटं चेनवरच थांबली. मावशीवरचा राग होता तिथेच होता, स्वतःच्या रिपोर्टची धास्तीही. फक्त तो राग आता कुणावर काढायचा ते तिला कळेना… आणि तोंडावर दाबलेला तो हात आपण कधी हातात घेतला, तेही.